मानाची सिगारेट

काका, अन्याय तुमच्यावर झाला. चौऱ्याण्णव साली, माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुनीताताईच्या लग्नात, शेवटच्या अक्षता पडल्यानंतर पाच मिनिटांच्या आत, भर दुपारी. जागा आपल्या गावच्या शाळेचं मैदान. करणारे ताईचे सासरे, विठ्ठलराव. त्यांच्या एका हातात फिल्टरची सिगारेट, दुसऱ्या हातात पेटलेली काडी. बघायला सगळा मांडव होता. त्यात तुमचा सख्खा मोठा भाऊ, म्हणजे माझा बाप होता, आणि नऊ वर्षांची मी होते.

तुम्हाला जाऊन आज नववा दिवस. घरी येणारं प्रत्येक माणूस मला म्हणतंय, तुला लिहिता येतं, काकावर दोन शब्द लिही, गळा कसा होता ते लिही, स्वभाव कसा होता ते लिही. लिहिते की. पण आधी हे. गळा कसा होता हे सांगायचं आणि तो कोणी जाळला हे सांगायचं नाही, असला स्मृतिलेख मला जमणार नाही. तुम्हाला राग येणार आहे, माहीत आहे मला. तुम्ही नाव लिहू नको म्हणाला होतात. मी तुमचं ऐकलेलं नाही. त्यावर आपलं भांडण झालं होतं आणि ते अर्ध्यावर राहिलं. माझ्याकडून ते मी आज पूर्ण करते आहे. तुमच्याकडून तुम्हाला करता येणार नाही, हा काही माझा दोष नाही.

त्या दिवशी काय झालं ते तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगितलंय, आणि दर वेळी हसत सांगितलंय. मी हसत सांगणार नाही.

नवरदेवाकडच्यांनी स्वतःचा मंगलाष्टकवाला आणला होता, माईकसकट. दुसऱ्याच कडव्याला जनरेटर बंद पडला. त्या माणसाचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. लोक हातातल्या अक्षता चिवडत बसले. तेवढ्यात माझ्या बापानं तुम्हाला पुढं ढकललं. तुम्ही तोवर आपल्या गल्लीतल्याच लग्नांत म्हणत होतात. अठ्ठावीस वर्षांचे होतात. हळकुंडं ड्रममध्ये घासून पॉलिश करायच्या कामावरून तसेच आला होतात, कानाच्या पाळीमागं पिवळं राहिलेलं होतं. तुम्ही गळा साफ केला आणि सुरुवात केली. कुरुंद्याकडून येणारी जीप रस्त्यावर थांबली, असं लोक अजून सांगतात. जीप थांबली की नाही मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की शेवटच्या कडव्यात तुम्ही ताईचं नाव असं घेतलंत की अंतरपाटामागं ताई रडायला लागली, आणि तोवर रडायचं नाही असं ठरवलेली माझी आई पण.

मग ते तबक आलं. स्टीलचं. बडीशेप, सुपारी, लवंग, आणि मधोमध फुलासारख्या गोल लावलेल्या सिगारेटी. विठ्ठलराव स्वतः तबक घेऊन तुमच्यासमोर आले. तुम्ही सुपारी उचललीत.

"ते काय घेता पाव्हणं? हे घ्या."

"न्हाई जी. मला चालत न्हाई. गळा हाय."

"गळा हाय म्हणून तर देऊन राहिलो! झुरका मारला की गळा मोकळा व्हतो. घ्या."

"न्हाई, खरंच न्हाई."

मग विठ्ठलराव माझ्या बापाकडं वळले आणि मोठ्यानं, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काहून हो व्याही, तुमच्या भावाला आमचा मान चालत न्हाई काय? पोरगी तर आमाला चालली!"

लोक हसले. तुमच्या भावानं डोळ्यांनी खूण केली. घे. मुलीकडचे होतो आपण. मुलीकडच्यानं त्या दिवशी नवरदेवाच्या बापाला नाही म्हणायचं नसतं. तुम्ही घेतलीत. काडी त्यांनीच ओढली. तुम्हाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि कोणीतरी ओरडलं, "पाव्हणं लाजून राहिलं!" परत सगळे हसले. मी पण हसले, काका. नऊ वर्षांची होते. ते हसणं मी मोजलेलं आहे.

तेव्हा सिगारेट म्हणजे काय होती हे आता शाळेत पत्रकं वाटताना सांगावं लागतं, पोरांना खरं वाटत नाही. बिडी रानात. बिडी घरची, रोजची, गड्याची. सिगारेट म्हणजे पाहुणा आला. सिगारेट म्हणजे जमिनीचा सौदा जुळला, सोयरीक जुळली, भांडण मिटलं. पांढऱ्या टेरिकॉटच्या शर्टाच्या खिशातून पाकीट दिसलं पाहिजे, म्हणून शर्टाला बारीक कापड घ्यायचे लोक. एस.टी.त ड्रायव्हर ओढायचा आणि आपण खिडकीशी तोंड नेऊन बसायचो. गुरुजींच्या एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात ती. दवाखान्यात डॉक्टर तपासताना ती बाजूच्या बशीत ठेवायचा. टपरीला जळती सुतळी लोंबत असायची, येणारा-जाणारा वाकून पेटवायचा आणि पुढं जायचा, देवळातल्या घंटेला हात लावावा तितक्या सहज. वाईट काय आहे असं कोणी विचारायचंच नाही. विचारणारा बावळट ठरायचा. कोणी तरी हे ठरवून, पैसा ओतून, आपल्या गावांपर्यंत आणलं होतं. बाजाराच्या दिवशी जीप यायची, टोप्या वाटायची, फुकट पाकिटं वाटायची. पण ती जीप आपल्या मांडवात नाही आली. मांडवात आपणच आणलं. तबकात आपणच लावलं.

ताईच्या लग्नानंतर तुमचं नाव झालं. विठ्ठलरावांचा गोतावळा मोठा, लग्न कुठंही असो, बोलावणं तुम्हाला. आणि गाणाऱ्याला नवरदेवाच्या बापानं स्वतःच्या हातानं सिगारेट पेटवून द्यायची, ही रीतच पडून गेली. एका लग्नात झालेली गोष्ट. दुसऱ्या लग्नात "तिथं घेतली, आमची घेत न्हाई काय?" तिसऱ्यात विचारलंही नाही, सरळ काडी ओढली. तुम्ही दक्षिणा घेत नव्हतात. गाणं विकायचं नाही म्हणायचात. मग लोकांना बरं पडलं. मान दिला की झालं.

तिथं तुमची चूक झाली, आणि ती चूक आपल्याच मुलखातला माणूस करू जाणे. तुम्ही सिगारेट कधी विकत घेतली नाही. चौदा वर्षांत एक नाही. टपरीवर तुमच्यासाठी कोणीतरी आधीच पुढं केलेली असायची, "दत्तूभाऊ, दोन ओळी म्हणा की." पॉलिशच्या कामावर मालक चहाबरोबर द्यायचा. लगनसराईत तर विचारूच नका, एका दिवसात दोन-तीन मांडव. आणि तुम्ही मनात एक नियम करून बसला होतात: जी विकत घेतली नाही ती ओढली, असं होत नाही. ती मानाची. ती मोजायची नसते.

आठवतंय, नांदेडच्या डॉक्टरनं विचारलं होतं, "सिगारेट किती ओढता?"

"मी न्हाई ओढत, साहेब."

"अजिबात नाही?"

"न्हाई. देतात तेवढ्याच."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मी तुमच्या बाजूच्या खुर्चीवर होते. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, हे मला कळत होतं आणि तेच भयंकर होतं.

पण नांदेडला पोचायच्या आधीची दोन वर्षं मला कोण परत देणार? आवाज बसायला लागला तेव्हा सगळ्या गावानं ठरवलं, हळद. पॉलिशच्या ड्रममधून धुराळा उडतो, पापण्या पिवळ्या होतात, थुंकी पिवळी येते, मग गळा धरणारच. काकू रोज हळद घालून दूध द्यायची. हळदीनं बसलेल्या गळ्याला हळदीचंच दूध! मी म्हणाले, काका, ही सिगारेट आहे. तुम्ही म्हणालात, "अगं माय, ह्या गळ्यात धा-पंधरा वर्सांची हळद बसलीय. तुला पत्रकं लिहून लिहून सगळीकडं धूरच दिसून राहिला." आणि सगळे हसले. मी भांडले. तुम्ही मग मला गप्प करायला खाकरून एक ओळ म्हणून दाखवलीत. ओळीच्या मध्येच आवाज फाटला. तुम्ही म्हणालात, "पाणी दे." मी पाणी दिलं आणि भांडण सोडलं. ते सोडायला नको होतं. त्या दिवशी तुमचा हात धरून दवाखान्यासाठी वसमतच्या गाडीत बसवायला पाहिजे होतं तुम्हाला.

पत्रकांचं निघालं म्हणून सांगते. मला लिहायला तुम्ही शिकवलंत. बाकी कोणी नाही. हिंगोलीला कॉलेजात असताना आम्ही सात-आठ पोरापोरींनी तंबाखूविरोधी मंडळ सुरू केलं, तेव्हा माझं पहिलं पत्रक म्हणजे नुसता चिखल होता. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. तुम्ही ते हातात घेतलंत आणि मंगलाष्टकासारखं मोठ्यानं वाचायला लागलात. तिसऱ्या ओळीला थांबलात.

"हे एका दमात म्हणता येत न्हाई."

"वाचायचंय ते, म्हणायचं नाही."

"माणूस वाचताना मनात म्हणतंच असतंय. जे एका दमात म्हणता येत न्हाई ते लोक सोडून देतात. काप."

मी कापलं. पुढची सगळी पत्रकं तुमच्या दमावर मोजून लिहिली. तुम्ही मोठ्यानं वाचायचं, जिथं श्वास तुटेल तिथं मी पूर्णविराम द्यायचा. नंतर नंतर तुमचा दम कमी होत गेला. माझी वाक्यं लहान होत गेली. मंडळातले म्हणायचे, तुझ्या भाषेला धार आली. धार कसली. ते तुमचं फुफ्फुस होतं.

आणि एवढं सगळं तुमच्याकडून शिकून मी काय लिहिलं? ठळक अक्षरांत: सिगारेट ओढणारा हा स्वतःचा खुनी आहे. गल्लोगल्ली वाटलं ते. शाळेच्या भिंतीवर चिकटवलं. तुमचं गळ्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तुम्ही घरी आलात, गळ्याला नळी, आवाज कायमचा गेलेला, धाकट्या पोरीची पाटी मांडीवर घेऊन बसायचात. तिच्यावर लिहून बोलायचात. ते पत्रक कोणीतरी तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही बराच वेळ वाचलंत. मग पाटीवर लिहिलंत:

"ओढणारा लिहिलंस. देणारा कुठं हाय?"

मी म्हणाले, "देणारा कोण, सांगा. लिहिते नाव. याच अक्षरांत."

तुम्ही पुसलंत. लिहिलंत: "नाव नको."

"का नको?"

"सुनीचं घर हाय ते."

"मग देणाऱ्याला लिही म्हणायचं आणि नावही लिहू द्यायचं नाही, हे काय काका?"

तुम्ही खडू खाली ठेवलात आणि खिडकीकडं तोंड केलंत. हेच आपलं भांडण. असं चार-पाच वेळा झालं. दर वेळी तुम्ही "देणारा कुठं हाय"पासून सुरू करायचात आणि दर वेळी "नाव नको"वर थांबायचात. मला तेव्हा वाटायचं तुम्ही घाबरता. आता वाटतं, तुम्ही ताईसाठी तुमचा गळा दुसऱ्यांदा देत होतात. मला ते मंजूर नाही. तेव्हाही नव्हतं.

ते पत्रक तुमच्यासमोर आलं त्याच आठवड्यात विठ्ठलराव तुम्हाला बघायला आले. मोसंबी घेऊन. हा माणूस बदललेला होता. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, डॉक्टरनं दम दिला, आणि त्यांनी सिगारेट सोडली. त्यांच्या घरच्या तबकात आता बडीशेप आणि खडीसाखर असते. गावोगाव हेच झालंय. सगळा जमाना फिरला. एस.टी.त पाटी लागली, पेटवली तर कंडक्टर खाली उतरवतो. गुरुजी वर्गात ओढत नाहीत. लग्नात कोणी सिगारेटचं तबक फिरवलं तर आता लोक नाक मुरडतात, पोरं कोपऱ्यात जाऊन गुटख्याची पुडी फाडतात ती गोष्ट वेगळी. काल जो मान होता तो आज घाण झाला. झाला ते चांगलंच झालं, आम्ही त्याच्यासाठी तर राबलो. पण ज्यांनी मान म्हणून दिली ते हात धुऊन मोकळे झाले, आणि ज्यांनी मान म्हणून घेतली ते खाटेवर. हे मला चांगलं झालेल्यात धरता येत नाही.

विठ्ठलराव तुमच्या खाटेजवळ बसले आणि गुडघ्यावर हात मारून म्हणाले, "दत्तूभाऊ, म्या सोडली बघा. एका दिवसात. मनावर घेतलं की सुटती. तुमचं मनच कच्चं."

तुम्ही बोलू शकत नव्हतात. मी दारात उभी होते. तुम्ही पाटी घेतलीत, खडू घेतलात. मला वाटलं आता लिहाल. देवाशपथ, मी मनात म्हणत होते, लिहा काका, एकच ओळ लिहा, पहिली कोणी दिली ते लिहा. तुम्ही सावकाश लिहिलंत आणि पाटी त्यांच्याकडं फिरवलीत.

"चहा घेऊन जा."

त्यांनी चहा घेतला. दोनदा घेतला. मी चहात मीठ घातलं नाही याचा मला आजही पस्तावा आहे.

आता त्या दिवसाचं सांगते, तुम्ही नव्हतात म्हणून. म्हणजे होतात, पण जळत होतात. स्मशानातून माणसं परतली, दारात कडुनिंबाचा पाला चावून, चूळ भरून अंगणात टेकली. आम्ही बाया ओसरीवर. विठ्ठलराव मध्यभागी बसले, मोठे पाहुणे म्हणून. टोपी काढली, डोकं पुसलं आणि बोलले, "गळा सोन्याचा होता. पण लई सांगितलं त्याला. लई सांगितलं. ऐकलंच न्हाई." आणि सगळं अंगण मान हलवायला लागलं. व्हय, व्हय. ऐकलं न्हाई. त्या अंगणात असा एक बाप्या नव्हता ज्यानं तुम्हाला काडी ओढून दिली नसेल. माझा बाप धरून. एकजात सगळे माना हलवत होते.

मी उठले. काकूनं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. "आज न्हाई," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी बसले. पण तिनं "आज न्हाई" म्हटलं. "कधीच न्हाई" म्हटलं नाही. मी ते नीट ऐकलंय.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर ताई मला मागच्या दारी घेऊन गेली. तिला कळलं होतं मी काय लिहायला घेतलंय. मी तयारीतच होते. म्हणाले, "ताई, तुझ्या सासऱ्याचं नाव येणार. तू रड, भांड, काय करायचं ते कर, मी लिहिणार."

ती म्हणाली, "माझ्यासाठी काका गप्प बसले, व्हय ना?"

"हो."

"मला कोणी इचारलं होतं?"

ताई दगडावर बसली आणि म्हणाली, "ते तबक लग्नानंतर मीच लावत होते. बारा वर्सं. प्रत्येक कार्याला. सासू म्हणायची, सिगारेटी सुनेनं लावल्या की गोल चांगल्या लागतात. काका आले की मी त्यांच्याकडची बाजू मुद्दाम भरून ठेवायची. माझे काका म्हणून. कमी पडू नये म्हणून." मग ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या डोक्यात टपली मारली, लहानपणी मारायची तशी. "लिही. आमच्या मामंजींचं लिही. त्याच्या खाली माझं पण लिही. घरात काय व्हायचं ते मी बघते. लई झालं तर चार दिवस कोणी बोलणार न्हाई. चार दिवस शांतता तरी मिळंल मला."

तर हे ताईच्या परवानगीनं. ज्या घरासाठी तुम्ही नाव पुसत होतात त्या घरातल्या बाईनंच लिही म्हटलंय. आता तुमच्याकडं कोणतं कारण उरलं, सांगा?

मला माहीत आहे तुम्ही काय लिहिलं असतंत. जाऊ दे माय, लिहिलं असतंत. म्हातारा माणूस आहे, लिहिलं असतंत. त्यानं काय जीव घ्यायला दिली होती काय, प्रेमानं दिली. काका, प्रेमानं दिली हे मी नाकारत नाही. पण तुम्ही मेलात. आणि जो प्रेमानं देतो त्यानं माणूस मेल्यावर "मी दिली होती" एवढं म्हणायला पाहिजे. ते नाही म्हणायचं आणि वर "ऐकलं न्हाई" म्हणायचं, हे माझ्यानं माफ होत नाही. मला त्यांना तुरुंगात घालायचं नाही. मला त्यांच्या तोंडून ते तीन शब्द चारचौघांत ऐकायचेत. तुमचा आवाज जसा चारचौघांत घेतला, तसे. ते म्हणेपर्यंत मी थांबणार नाही. या पत्रकाच्या प्रती काढणार आहे. तुमच्या तेराव्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक पडेल, विठ्ठलरावांच्या हातात पहिली. ते वाचून उठून गेले तर जाऊ देत, मी त्यांच्या गावात जाऊन वाटेन.

एवढं लिहून मी खडखडीत बरी व्हायला पाहिजे होते. झाले नाही. कारण अजून एक नाव राहिलंय, आणि ते लिहायला मी चार दिवस टाळाटाळ करते आहे.

मी बारावी पास झाले तेव्हा निकालाच्या दिवशी तुम्ही वसमतच्या स्टँडवर मला घ्यायला आला होतात. माझ्या शिक्षणासाठी तुम्ही माझ्या बापाशी किती भांडलात ते मला माहीत होतं. मला तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं. चांगलं, मोठं, तुम्हाला शोभेल असं. मी टपरीवर गेले. पोरगी म्हणून टपरीवाला माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणाले, माझ्या काकांसाठी, ते गातात. आणि मी तुम्हाला आख्खं पाकीट आणलं. लोक तुम्हाला एकेक देत होते. आख्खं पाकीट देणारी मी एकटी. तुम्ही ते कपाळाला लावलंत. म्हणालात, "माझ्या पोरीनं दिलं." त्यातली एक तिथंच, माझ्यासमोर पेटवलीत, आणि काडी मी ओढली.

काका, मी दिली होती. हे तुम्हाला जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं. पत्रकात ओढणाऱ्याला खुनी लिहिलं तेव्हा तुम्ही पाटीवर विचारलंत, देणारा कुठं हाय. तुम्ही मला विचारत होतात का? मला वाटतं नाही. तुमच्या ध्यानातही नसेल. तुम्ही मोजतच नव्हतात. पण मला मोजावं लागेल. तुमच्याकडं माफी मागत नाही, कारण तुम्ही लगेच माफ कराल आणि मला ते फुकटचं नको आहे.

आता हे वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलायचंय. काका, तुम्ही जरा बाजूला व्हा.

तुम्ही कोणाला दिली होती? पहिली. मांडवात, पारावर, बांधावर, सोयरीक जुळली म्हणून, पोरगं झालं म्हणून, "एक झुरका मार रे, मरत न्हाईस" म्हणून. मला सांगू नका की आठवत नाही. नाव आठवा. तुम्ही आता सोडली असेल. तब्येतीला जपत असाल. सकाळी फिरायला जात असाल. तो माणूस कुठं आहे? तो खोकत असेल आणि तुम्ही त्याला मनावर घे म्हणून उपदेश करत असाल, तर तोंड बंद करा आणि उठा. आज जा. त्याच्या दारात जा, त्याची बायको-लेकरं समोर असताना म्हणा, "पहिली मी दिली होती." मग त्याला गाडीत घाला आणि दवाखान्यात न्या. तुम्ही न्या, त्याच्या पोरानं नाही. तो मेला असेल तर त्याच्या बायकोसमोर जाऊन म्हणा. ती काय बोलेल ते उभं राहून ऐका. हे केल्याशिवाय आमच्या अंगणात तेराव्याला जेवायला बसू नका, आणि कोणाच्याच अंगणात बसून "ऐकलं न्हाई" म्हणू नका. कागद खाली ठेवा. चपला घाला. निघा.